काल्पनिक नगरराज्य श्रीमंत आहे म्हणे, पण पैसा येतो कुठून?

लवणकार
एका काल्पनिक नगरराज्याचा इतिहास आणि संस्कृती उभी करायची आहे. आराखडा असा: नाव लवणतीर. मोठ्या नदीच्या मुखाशी सात बेटं, लोकसंख्या एक लाख. राजा नाही, व्यापारी घराण्यांची सभा. संपत्ती मिठाची. सोन्याची नाणी, संगमरवरी वाडे, वर्षातून एकदा समुद्राची पूजा. स्थापनेपासून नऊशे वर्षांत शत्रूचा पाय लागलेला नाही. जादू आहे, पण मोजकी आणि महाग.

कागदावर झकास दिसतं, वाचताना मात्र नाटकाचा पडदा वाटतो. तीन गोष्टींवर मतं हवीत. पैसा नेमका कसा येतो हे पटवायचं कसं? सभेतली घराणी एकमेकांचे गळे न कापता नऊशे वर्षं कशी टिकतात? आणि सण-रूढी चिकटवलेल्या वाटू नयेत म्हणून काय करावं?

ड्रॅगन नाहीत. कृपया विचारू नये.

उंटावरचा_शहाणा
ड्रॅगन नाहीत तर धागा कशाला काढला?

नाखवा
वाडे राहू द्या, आधी धान्याचा हिशोब मांडा. खाणं, मद्य, जनावरं आणि उंदीर धरून माणशी वर्षाला अडीचशे किलो. लाख माणसांना २५,००० टन. सात बेटांवर यातलं मूठभरही पिकणार नाही. शंभर टन माल घेणारं गलबत धरलं तर अडीचशे खेपा. समुद्र खवळलेला असतो ते पाच महिने वजा करा. उरलेल्या दोनशे दहा दिवसांत रोज एकाहून जास्त गलबत नुसत्या धान्याचं लागलं पाहिजे. सरपण, लाकूड, दोरखंड, डांबर वेगळं.

म्हणजे तुमच्या वर्णनात धक्का निवांत आणि पाण्यात वाड्यांची प्रतिबिंबं असतील तर शहर उपाशी आहे.

यातून कायदे आपोआप निघतात. अथेन्सचं उदाहरण घ्या. तिथे राहणाऱ्या व्यापाऱ्याने धान्य दुसऱ्या बंदरात नेणं हा गुन्हा होता. बाजारबंदरात उतरलेल्या धान्यापैकी दोन तृतीयांश शहरात आणणं सक्तीचं होतं. आणि इ.स.पू. ४०५ मध्ये काळ्या समुद्राकडून येणारी धान्याची वाट स्पार्टाने तोडली, तेव्हा तट शाबूत असूनही पुढच्या वर्षी अथेन्सला शरण जावं लागलं. तुमच्या सभेत धान्यकोठाराचा अधिकारी सेनापतीपेक्षा वरचा असायला हवा. साठा किमान एका वर्षाचा, कारण एक हंगाम हुकला की दुसरा यायला तेवढा वेळ जातो.

आगर
नाव लवणतीर आणि मिठागर नदीच्या मुखाशी? इथेच घोळ आहे.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. हजार लिटरमागे खायचं मीठ सत्तावीस-अठ्ठावीस किलो. नदीच्या गोड्या पाण्याने हे प्रमाण निम्म्यावर आलं तर तेवढ्याच मिठासाठी दुप्पट पाणी आटवावं लागेल, म्हणजे दुप्पट जागा किंवा दुप्पट उन्हाळा. वर नदीचा गाळ.

काम असं चालतं. भरतीचं पाणी मोठ्या तळ्यात घेऊन गाळ बसू द्यायचा. मग ते उथळ कप्प्यांतून, एकातून दुसऱ्यात असं फिरवत आटवायचं. आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. ते त्याच कप्प्यांत राहिलं पाहिजे, पुढे गेलं की मीठ करकरतं. पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरायला लागतं. तेव्हा ते चोपून टणक केलेल्या शेवटच्या वाफ्यात घ्यायचं. मीठ ओढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं ते फेकायचं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. लोभाने तेही आटवलं तर मीठ कडवट होतं आणि हवेतली ओल धरून पाझरत राहतं. मालात खोट करायची तर ती इथे होते, भेसळखोराचं पात्र हवं असेल तर घ्या. आणि एक अवकाळी सर आली की तयार होत आलेला सगळा वाफा विरघळला.

म्हणून मिठागरं नदीपासून दूर, किनाऱ्याच्या कोरड्या पट्ट्यात न्या, आणि तिथली वस्ती वेगळ्या लोकांची ठेवा. मीठ ते पिकवतात, भाव शहर ठरवतं. तुमच्या नऊशे वर्षांतली निम्मी बंडं तिथूनच होतील.

टांकसाळ
@आगर, कडू पाण्याबद्दल +१. पण मीठ पिकवून श्रीमंत होण्यापेक्षा मीठ अडवून श्रीमंत होणं सोपं.

व्हेनिसने हेच केलं. खाजणातलं मीठ पुरेना तेव्हा ते लांबून आणायला लागले. १२८१ पासून परतीच्या व्यापाऱ्यांना मीठ आणणं बंधनकारक झालं. सरकार ते ठरल्या भावाने विकत घ्यायचं आणि आतल्या मुलखाला कितीतरी चढ्या भावाने विकायचं. यातली खुबी वाहतुकीत आहे. गलबत उलटू नये म्हणून तळाशी नीरम, म्हणजे भार, लागतोच. दगड भरले तर ती फुकटची हमाली. मीठ भरलं तर तो भारच पैसे देतो, आणि वरच्या मिरी-रेशमाचं भाडं तेवढं हलकं पडतं. मग त्याच मालात दुसरं बंदर तुमच्याशी भावाला उतरू शकत नाही. मिठाचा नफा मिठात मोजू नका, मसाल्यात मोजा.

दुसरा नमुना ल्युबेकचा. जमिनीवर ल्युनेबर्गचं मीठ, समुद्रात दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावरची हेरिंग मासळी, आणि मध्ये ल्युबेक. मीठ गाड्यांतून यायचं. १३९८ मध्ये श्टेकनित्स कालवा पुरा झाला तसं ते होड्यांतून येऊ लागलं. दोन्ही वस्तू दुसऱ्यांच्या, यांची फक्त वाट.

गोदीतला_कावळा
थोडक्यात, नगरराज्य म्हणजे जकात नाका, फक्त संगमरवराचा.

टांकसाळ
@कावळा, हसण्यावारी नेऊ नका, जकात नाक्याचं वर्णन हे श्रीमंत शहराचं सर्वांत जिवंत प्रकरण असतं. सीरियाच्या वाळवंटातल्या पाल्मीरा या व्यापारी शहराने इ.स. १३७ मध्ये आपली जकातीची यादी दोन भाषांत दगडावर कोरून उभी केली: उंटाचं ओझं, गाढवाचं ओझं, तेल बुधल्यात की कुपीत, सगळ्यांचे दर वेगळे. शहरातल्या दोन झऱ्यांच्या वापराला वर्षाला ८०० दिनार. कोरण्याचं कारणही त्यातच लिहिलंय: बऱ्याच वस्तूंचे दर पूर्वी लिहिलेले नव्हते आणि वसूल करणारे व व्यापारी यांच्यात कायम भांडणं व्हायची.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचा नाका शहराच्या महाद्वाराजवळ आहे, त्यावर ध्वज. चार-पाच कारकून लिहून घेतात: कोण, कुठून, माल किती, शिक्का कुठे लागला. शिक्का नसेल तर शुल्काच्या दुप्पट दंड, खोटा असेल तर आठपट. या फरकावरूनच कळतं की शहराला कशाची धास्ती होती.

काजवा
वाखुसा (वाचनखूण साठवली).

जादूचं काय ते लवकर ठरवा. माल क्षणात इकडून तिकडे नेणारं दार ज्या जगात आहे तिथे बंदर मेलं. हे सगळं शहर एका अरुंद वाटेवर बसलंय आणि दाराने ती वाटच नाहीशी केली. त्यामुळे जादूने फार तर पत्र जावं, पोतं जाऊ नये.

सोनं बनवणारी जादू तर नकोच. १३२४ मध्ये मालीचा मन्सा मूसा हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता असं अल-उमरी या अरब इतिहासकाराने लिहून ठेवलंय. हा एक पाहुणा. घरचा किमयागार असेल तर सोन्याच्या नाण्याला सभा स्वतःच नाकारेल.

टांकसाळ
हो, आणि नाण्याची गोष्ट निघालीच आहे. "सोन्याची नाणी" हे दोन शब्द फार होतात. फ्लॉरेन्सचा फ्लोरिन १२५२ चा, व्हेनिसचा डुकाट १२८४ चा. दोन्ही साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध. डुकाटचं वजन आणि कस पाचशे वर्षं बदलला नाही. परक्या मुलखात तो न तोलता चालायचा तो यामुळे.

पण हे नाणं शहरातला हमाल कधी हातात धरत नाही. त्याची मजुरी हलक्या चांदीत, जवळजवळ तांब्यातच. सभेला पैसा कमी पडला की ती सोन्याला हात लावत नाही, हमालाच्या नाण्यातली चांदी कमी करते. व्यापाऱ्याला सोन्यात मिळतं, तो मजुरी हिणकस चांदीत देतो. दंगल हवी असेल तर कारण हे घ्या, "दुष्ट मंत्री" नको.

खोटी नाणी कोण पकडतं तेही दाखवा. अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ च्या कायद्याने बाजारात एक पारखी बसवला, तोही सरकारी गुलाम. आत तांबं किंवा शिसं निघालं तर तो नाणं तिथल्या तिथे कापायचा. कामावर बसला नाही तर त्यालाच पन्नास फटके. खरं नाणं व्यापाऱ्याने नाकारलं तर त्याचा त्या दिवशीचा माल जप्त.

पाणपोई
धान्य, मीठ, सोनं झालं. लाख माणसं पितात काय? खाडीतल्या बेटावर विहीर खणली तर खारं पाणी लागतं.

व्हेनिसची युक्ती अशी. चौक पाच-सहा मीटर खोल खणायचा. तळ आणि बाजू चिकणमातीने लिंपायच्या, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही. मध्ये विटांची पोकळ नळी उभी करायची आणि भोवती सगळा खड्डा वाळूने भरायचा. वर फरसबंदी, तिला चारही बाजूंनी जाळीच्या दगडांकडे उतार. छपरांचं आणि चौकाचं पाणी जाळीतून वाळूत उतरतं, गाळलं जातं आणि मधल्या नळीत झिरपतं. दिसायला विहीर, प्रत्यक्षात गाळणीचा हौद.

आता आकडे. माणशी रोज पाच लिटर म्हणजे वर्षाला १,८०० लिटर. पाऊस ८०० मिलिमीटर धरा, त्यातला दोन तृतीयांश हाती लागतो असं धरा, तर माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर किंवा फरसबंदी पुरते. लाखाला पस्तीस हेक्टर, हे जमतं. अडचण साठ्याची आहे. पाच कोरड्या महिन्यांना साडेसात कोटी लिटर लागतात, आणि वाळूने भरलेल्या हौदात पाण्याला जेमतेम तिसरा हिस्सा जागा उरते. दहा बाय दहा मीटरचा, पाच मीटर खोल हौद धरला तर साडेचारशेच्या वर हौद लागतील. ते नसतील तर नदीतून होड्यांनी पाणी आणा, तेही व्हेनिसने केलंच. होर्मुझ बेटावर तर बाहेरून पाणी आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तरी ते अपार श्रीमंत होतं.

बिघडतं कुठे? मोठी भरती फरसबंदीवर चढली की जाळीतून खारं पाणी आत, आणि तो हौद उपसून, धुऊन निघेपर्यंत बाद. म्हणून हौदाचा चौक गल्लीपेक्षा पायरीभर उंच असतो. तुमच्या शहरातल्या चौकांचा आकार, वाड्यांची छपरं, विहिरीवरचं कुलूप आणि ती उघडायची घंटा, सगळं यातून निघेल. संगमरवर नंतर लावा.

शब्दवेडी
@पाणपोई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

मोडी_लिपी
दुसऱ्या प्रश्नाकडे. घराणी गळे कापतात कारण निवडणूक जिंकण्यात फार काही मिळतं. उपाय दोन: जिंकणं अशक्यप्राय करा आणि जिंकून काही मिळू देऊ नका. व्हेनिसने दोन्ही केलं.

डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, निवडायची १२६८ पासूनची पद्धत: महासभेतून चिठ्ठ्यांनी ३०, त्यातून चिठ्ठ्यांनी ९. हे ९ जण ४० निवडतात. चिठ्ठ्यांनी ४० चे १२. ते निवडतात २५. चिठ्ठ्यांनी ९. ते निवडतात ४५. चिठ्ठ्यांनी ११. ते निवडतात ४१. हे ४१ डोजे निवडतात, किमान २५ मतं हवीत. चिठ्ठी म्हणजे गोळी, आणि ती काढायला रस्त्यावर दिसलेला पहिला लहान मुलगा धरून आणायचा. पैसे चारायचे तर कोणाला चारणार? आपला माणूस पुढच्या फेरीत असेल की नाही हेच ठाऊक नाही. हे १७९७ पर्यंत, राज्य बुडेपर्यंत चाललं.

निवडून आल्यावर शपथपत्र. परराज्याचं पत्र डोजेने एकट्याने उघडायचं नाही. प्रत्येक डोजे मेल्यावर त्याच्या कारभाराची चौकशी, दोष निघाला तर दंड वारसांकडून. आणि पुढच्या शपथपत्रात एक कलम वाढायचं. १३५५ मध्ये मारिनो फालिएरो या डोजेने सत्ता बळकावायचा कट केला, तर त्याचा शिरच्छेद झालाच, शिवाय सभागृहातल्या डोज्यांच्या चित्रांच्या रांगेत त्याच्या जागी काळा पडदा रंगवला. तुमच्या सभागृहात असा एक पडदा असू द्या, इतिहासाची वीस पानं वाचतील.

शून्य_प्रहर
असहमत. व्हेनिस हा अपवाद आहे, त्यावरून नियम काढू नका. चिठ्ठ्या फ्लॉरेन्सनेही काढल्या. नावं थैलीत, दर दोन महिन्यांनी नवे अधिकारी. १४३४ नंतर मेदिची घराण्याने चिठ्ठीला हातही लावला नाही. थैलीत नावं कोण भरतो एवढंच ताब्यात घेतलं. चिठ्ठी प्रामाणिक, थैली नासकी.

त्यापेक्षा पोदेस्ता पद्धत घ्या. इटलीतल्या कितीतरी शहरांनी बाहेरगावचा माणूस सहा महिने किंवा वर्षासाठी न्यायप्रमुख म्हणून आणला. त्याचे न्यायाधीश आणि शिपाई त्याने स्वतः आणायचे. मुदत संपली की गाव सोडण्याआधी हिशोबतपासणी. तुमच्यासाठी तर सोन्याहून पिवळं: वाचकासारखाच परका माणूस शहरात येतो, त्याला सगळं विचारावं लागतं.

मोडी_लिपी
आणि त्याला गल्ल्या कळेपर्यंत मुदत संपते. परक्याला गटबाजी नसते, पण पकडही नसते. शेवटी पुष्कळ शहरांत एखादा दांडगा पोदेस्ता किंवा घराणं कायमचं बसलंच की. थैलीचा मुद्दा मात्र मान्य. लवणतीरमध्ये थैली तीन कुलपांची ठेवा आणि किल्ल्या तीन बेटांकडे.

मधला मार्ग रागुसाचा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकचा. प्रमुखाची मुदत एक महिना. त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज राजवाड्याबाहेर पडायचं नाही. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय: खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा.

उंटावरचा_शहाणा
महिनाभर घरी जायचं नाही? काही घराण्यांनी याच कारणासाठी निवडणूक लढवली असेल.

शून्य_प्रहर
:) नऊशे वर्षांचं मात्र खरंच बघा. दंतकथा म्हणून ठेवा. व्हेनिस आपला जन्म ४२१ सालच्या २५ मार्चला, तोही भर दुपारी, झाल्याचं सांगायचं. कागद कुठलाच नाही. आणि "शत्रूचा पाय लागला नाही" हे वाक्य तेव्हाच शोभतं जेव्हा पाय उंबऱ्यापर्यंत आलेला असतो. १३७९ मध्ये जिनोवाच्या आरमाराने त्याच खाजणाच्या दक्षिण टोकाचं किओज्जा घेतलं होतं. व्हेनिसने खाड्यांत दगड भरलेल्या नावा बुडवून त्यांना आत कोंडलं आणि १३८० मध्ये शरण आणलं. सुरक्षित नऊशे वर्षांपेक्षा ती एक भीतीची रात्र जास्त सांगते.

आणि रागुसासारखं पैसे भरून वाचणंही इतिहासात येऊ द्या. ऑटोमन सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट खंडणी, बदल्यात बाल्कनभर व्यापार. झेंड्यावर "स्वातंत्र्य". कोणालाही यात विसंगती वाटली नाही.

गोदीतला_कावळा
सैन्य कोणाचं? लाखाच्या शहरातून लढायला आठ-दहा हजारांहून जास्त माणसं काढलीत तर गोदी बंद.

नाखवा
भाडोत्री. पण नियम असा ठेवा: जमिनीवरचं सैन्य परक्याच्या हाती, आरमार घरच्यांच्या हाती. व्हेनिसचा हाच कल होता. जमिनीवरचा सेनापती फितूर झाला तरी पाण्यातून चालत येणार नाही. आणि संशय आला तर गय नाही. कार्मान्योला या आपल्याच भाडोत्री सेनापतीला त्यांनी १४३२ मध्ये बोलावून घेतलं आणि डोकं उडवलं.

बिघाड नेहमीचा एकच, थकलेला पगार. कार्थेजने रोमशी झालेल्या पहिल्या युद्धानंतर भाडोत्री सैनिकांच्या पगारात घासाघीस केली, आणि इ.स.पू. २४१ ते २३७ त्याच सैनिकांशी जीवघेणं युद्ध लढावं लागलं. ठरलेला पगार वाटला असता तर स्वस्तात सुटले असते.

शब्दवेडी
तिसरा प्रश्न सगळे विसरले. रूढी कुठून आणायच्या? कुठून आणायच्या नाहीत, वरच्या प्रतिसादांतच आहेत. शहराला ज्याची टंचाई किंवा भीती, त्याचा सण आणि त्याचाच कायदा.

भागीदारीपासून सुरू करा. तरुणाकडे पैसा नाही, म्हाताऱ्याला समुद्र झेपत नाही. करार असा: सगळं भांडवल घरी बसणाऱ्याचं असेल तर नफ्याचे तीन हिस्से त्याचे, एक जाणाऱ्याचा. दोन तृतीयांश घरच्याचं आणि एक तृतीयांश जाणाऱ्याचं असेल तर नफा निम्मा-निम्मा. समजा घरच्याने १०० नाणी घातली, जाणाऱ्याने ५०, नफा ६० झाला, तर तीस-तीस. गलबत बुडालं तर ज्याचे पैसे त्याचे गेले. चार खेपांत गरीब पोरगा सभेत बसण्याइतका श्रीमंत होतो. मग जुनी घराणी दार लावतात. व्हेनिसमध्ये ते १२९७ मध्ये लागलं, महासभेचं सदस्यत्व ठरावीक घराण्यांपुरतं झालं. लग्नाचे, जन्माचे दाखले, कुळाची वही, हे सगळे "संस्कार" त्या दाराची कडी आहेत.

पुढे? जहाजं-वाडे वाटले जाऊ नयेत म्हणून भाऊ एकत्र कारभार करतात, वाटणी नाही, बहुधा एकाच भावाचं लग्न. बाकीचे अविवाहित. मुलींच्या हुंड्याचा खर्च टाळायला त्यांची रवानगी मठांत. काही पिढ्यांत घराणी निर्वंश होऊ लागतात. उलट बाजूला कंगाल झालेले सरदार, ज्यांच्याकडे मताखेरीज विकायला काही नाही, आणि ते मत विकतात. क्रीटच्या युद्धाचा खर्च भागेना तेव्हा १६४६ पासून तर सरदारकीच एक लाख डुकाटला विकायला काढली. बंद दाराची ही किंमत.

उधळपट्टीवर बंदी हवीच. व्हेनिसच्या सगळ्या गोंडोला काळ्या, त्या अशाच कायद्याने. बाहेरून होडी काळी, मग ईर्ष्या आतल्या गादीवर आणि नावाड्याच्या पोशाखावर उतरते. कायदा लिहिलात की त्याची पळवाटही लिहा.

बारीकसारीक: वर्ष कधी सुरू होतं? व्हेनिसमध्ये १ मार्चला, फ्लॉरेन्समध्ये २५ मार्चला. त्यामुळे फेब्रुवारीतल्या पत्रावरची सालं आपल्या हिशोबाने एकाने मागे असतात. तास सूर्यास्तापासून मोजले जायचे. मासळीबाजारात दगडी पाटी, कोणता मासा किती लांबीखाली विकायचा नाही ते कोरलेलं. अशी एक पाटी प्रासादाच्या तीन पानांचं काम करते.

काजवा
समुद्राची पूजा राहिली.

शब्दवेडी
ती व्हेनिसच्या "समुद्राशी लग्ना"सारखी होणार हे उघड आहे, म्हणून मूळ नीट समजून घ्या. परंपरेप्रमाणे इ.स. १००० मध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी डोजे दाल्मेशियाच्या मोहिमेवर निघाला. त्या दिवशी दरवर्षी आशीर्वाद मागू लागले. अंगठी नंतर आली, ११७७ मध्ये पोपने दिली असं सांगतात. डोजे ती पाण्यात टाकायचा आणि समुद्रावरची मालकी जाहीर करायचा. मोहिमेचा वाढदिवस, हंगामाची सुरुवात आणि मालकीहक्काचा दस्तऐवज, तिन्ही एकाच होडीत. अंगठीची नक्कल करू नका. लवणतीरची भीती कोणती ते शोधा.

लवणकार
सगळ्यांचे आभार. बदल असे: मिठागरं दूरच्या किनाऱ्यावर, वेगळ्या लोकांची. सात बेटांवर ४६० हौद, त्यांचे चौक उंच. थैलीला तीन कुलपं. सभागृहात काळा पडदा. हमालाचं नाणं वेगळं. जादूने फक्त पत्र जाणार. स्थापनेची तारीख खोटी, आणि हे पात्रांनाही माहीत.

भीतीवर अडलोय. वादळ? उपासमार?

आगर
गाळ. तुम्ही शहर नदीच्या मुखाशी ठेवलंय, विसरलात? नदी दरवर्षी खाडी भरत आणतेय. नऊशे वर्षांत तिथे शेत व्हायला हवं होतं.

व्हेनिसला शत्रूइतकीच धास्ती याची होती. ब्रेंता नदीचं पाणी कालव्यांनी खाजणाबाहेर वळवलं, आणि १६०० ते १६०४ मध्ये पो नदीचा मुख्य प्रवाहच दक्षिणेकडे वळवला, नाहीतर तिच्या गाळाने खाजणाचं तोंड बुजलं असतं. नदी वळवली की दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात पूर येतो, आणि कायमचं वैर लागतं. शिवाय गोडं पाणी कमी झालं की वेत-लव्हाळी मरतात, डास आणि हिवताप यांचा हिशोब बदलतो.

शब्दवेडी
मग पूजा ठरली. समुद्रात काही टाकायचं नाही, समुद्रातून काढायचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी सभेचा प्रत्येक सदस्य खाडीतून एक टोपली गाळ उपसतो आणि दूर नेऊन टाकतो. सुरुवातीला खरोखर खोरं घेऊन, पुढे चांदीच्या टोपलीत, आणि उतरत्या काळात टोपली रिकामी, कारण नोकर आधीच उपसून ठेवतात.

पाणपोई
चिकणमाती फेकू नका, हौदाच्या लिंपणाला लागेल.

नाखवा
आणि उपसा मोजा. चार मीटर खोल, तीस मीटर रुंद, दोन किलोमीटर लांब वाट. वर्षाला दहा सेंटिमीटर गाळ बसला तर ६,००० घनमीटर. एक माणूस होडीतून दिवसाला दोन घनमीटर काढतो असं धरा, तर तीन हजार मनुष्यदिवस, म्हणजे वीस माणसं पाच महिने. सभेला परवडतं. म्हणूनच एखाद्या वर्षी काटकसर म्हणून हा खर्च कोणीतरी पहिल्यांदा कापेल.

लवणकार
हे घेतलं. काटकसर सुचवणारा आता सगळ्यांच्या आवडीचा माणूस असेल.

उंटावरचा_शहाणा
शेवटचं अवांतर. सागरी विम्याचा सर्वांत जुना ज्ञात करार जिनोवातला, १३४७ चा. वीस खेपांत एक गलबत बुडत असेल तर हप्ता पाच टक्क्यांच्या वर ठेवावा लागतो. ड्रॅगन असते तर हप्ता पन्नास टक्के, मग मिरी कोणाला परवडली असती? लवणकारांनी ड्रॅगन वगळले ते बरोबरच. शब्द मागे घेतो.